गयामावशीच्या बापाच्या हातातली दोरी

साहेबांनी फोटो सुलटा धरला, उलटा धरला, खिडकीपाशी नेला. मग टेबलावर ठेवून म्हणाले, “स्टुडिओवाले, ही माणसं ओढतायत तरी काय?”

फोटोत पलटणीतले दहा-बारा शिपाई होते. प्रत्येकाच्या हातात दोरी. सगळ्या दोऱ्या ताणून वर गेलेल्या, आणि वर काहीच नाही. कोरं, पांढरंशुभ्र आभाळ.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेरीच्या बोर्डाचा रंगही ओला होता. मी चुकून टेकलो, तर शर्टाच्या पाठीवर ‘जिल्हा’ उमटला. तो शर्ट घालून बाजारात गेलो की लोक माझ्या हातात अर्ज द्यायचे. या नव्या जिल्ह्याचं पहिलं प्रदर्शन भरणार होतं, जुन्या फोटोंचं. गावोगाव हिंडून फोटो गोळा करायचे, कॉप्या काढून मोठे करायचे, खाली कॅप्शन लिहायचं, हे काम माझ्या स्टुडिओकडे होतं. साहेब त्यावरचे अधिकारी.

हा फोटो मी रेणापूरजवळच्या एका गावातून, गयामावशीकडून आणला होता. तिच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी हा. उजवीकडून दुसरा तिचा बाप, लिंबाजी. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला गेलेला. परत आल्यावर सांगायचा, आभाळात एक भलंमोठं धूड होतं आणि आम्ही ते धरून ठेवायचो. फोटोत ते धूड होतंही. पण फोटोला ओल लागली म्हणून त्यानं नांदेडच्या स्टुडिओत कॉपी काढून घेतली, आणि कॉपीत धूड गायब. पुढं मूळ फोटो वाळवीनं खाल्ला. गावाला जन्मभराचा विषय मिळाला. “काय लिंबाजी, आभाळ बांधून आलास का?” शेवटी लिंबाजीनं सांगणंच सोडलं.

साहेब म्हणाले, “दोऱ्या कापा. नुसता चेहरा मोठा करा. खाली लिहा, वीर जवान.”

मी मावशीला जाऊन सांगितलं. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हात कापणार माझ्या बापाचे?”

“मावशी, लोक हसतील न्हाईतर.”

“ते मी परकरात होते तवापासून हसायलेत. आता साठीला आले. माझ्या बापाच्या हातात काय होतं ते लाव बाबा. जमत नसंल तर फोटो परत आण. नुसतं मुंडकं लावू नको.”

आता ते धूड आणायचं कुठून?

त्यात दुष्काळ. फोटोला पाणी लागतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कागदावर चित्र उमटलं की ते हायपो नावाच्या औषधात टाकतात, म्हणजे ते टिकतं. पण नंतर तो हायपो वाहत्या पाण्यात धुवून काढावा लागतो, नाहीतर फोटो पिवळा पडतो. त्या वर्षी लातुरात वाहत होतं ते फक्त वारं. नळाची तोटी फिरवली की धूळ यायची, तीही एक दिवसाआड. न्हावी गिऱ्हाइकाला उन्हात उभं करायचा आणि घाम आला की त्याच्यावरच दाढी उरकायचा. म्हणून मी ओले प्रिंट पाण्यासकट पत्र्याच्या डब्यात घालून एसटीनं नांदेडला न्यायचो. तिथल्या एका जुन्या स्टुडिओच्या विहिरीला पाणी होतं. वाटेत अहमदपूरला डबा हिंदकळला की अर्धी बस तहानेनं माझ्याकडे बघायची. शेवटी मी डब्यावर लिहिलं, ‘विष’. तरी एकानं विचारलंच, “गार आहे का?”

त्या स्टुडिओत उस्मानचाचा बसायचे. रिटचर. म्हणजे फोटोतले मुरूम, सुरकुत्या, डाग ब्रशनं घालवणारा माणूस. चाचांच्या ब्रशवर निम्म्या नांदेडची लग्नं जमली आणि उरलेल्या निम्म्याची भांडणं झाली, असं मी म्हणायचो. त्यांनाही ते आवडायचं.

प्रिंट धुता धुता मी त्यांना तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

“मियाँ, हे तर माझंच काम. जवानीतलं. आसमान बघ. एक दाग दिसतो का?”

“दाग होता?”

“लई मोठा. वांग्यासारखा. पानी लागलं होतं फोटोला. घालवता घालवता कंबर मोडली.”

“मग दोऱ्या का ठेवल्या?”

“गिऱ्हाइकाच्या हातातली चीज पुसायची नाही. उसूल आहे.”

माझ्या हातातला प्रिंट पाण्यात पडला. त्या काळी कॉपी काढायची तर आधी काचेची निगेटिव्ह करायची. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं. नको तो भाग झाकायला काचेवर लाल रंग लावायचा. त्यातून उजेड जात नाही आणि कागद तिथं कोरा राहतो. म्हणजे चाचांनी डाग पुसला नव्हता. लाल रंगाखाली तो तसाच निजलेला होता.

जुने स्टुडिओ काचा फेकत नसत. माळ्यावर शोधाशोध केली आणि धुळीनं काळे होऊन आम्ही काच खाली आणली.

“चाचा, रंग धुवू या.”

“पागल झालास का?” त्यांनी काच छातीशी धरली. “हात थरथरतात आता. असं आसमान परत होणार नाही माझ्याच्यानं.”

मी वाद घातला नाही. चहा मागवला. अर्धा कप संपल्यावर म्हटलं, “बरोबर आहे चाचा. परभणीचे एक रिटचर म्हणत होते, डाग असेल सुपारीएवढा. नांदेडवाल्यांना वाढवून सांगायची सवय.”

परभणीत असा कोणी रिटचर नव्हता.

चाचांनी कप ठेवला. “सुपारी? कोण बोलला सुपारी? बादली आण.”

लाल पाणी उतरत गेलं. चाचांनी काच उजेडावर धरली, डोळ्याला भिंग लावलं. मग अगदी हळू म्हणाले, “मियाँ, दाग में आदमी बैठा है.”

तिथल्या तिथं प्रिंट काढला. वांग्यासारखं प्रचंड धूड, शेपटाला फुगीर पंख, खाली टोपली, टोपलीत माणूस. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक माजी फौजी प्राध्यापक होते. त्यांच्यापुढं फोटो ठेवला.

“टेहळणीचा फुगा,” त्यांनी बघताक्षणी सांगितलं. “हे पंख वाऱ्यात तोंड सरळ ठेवायला. वरचा माणूस दुर्बिणीनं शत्रूच्या तोफा हेरून टेलिफोनवर खाली सांगायचा. उंचावर असताना लोखंडी तार असते. चढवताना-उतरवताना मात्र माणसंच दोऱ्या धरतात. वारं सुटलं आणि यांनी हात सोडले, तर टोपलीतला गेला.”

साहेबांना ‘फुगा’ शब्द जत्रेतला वाटला. पण कॅप्शन ‘टेहळणीचा फुगा’ असंच राहिलं.

उद्घाटनाला मावशी गावातल्या माणसांसोबत आली. फोटो मी दारासमोरच लावला होता. त्यांच्यातला एक म्हातारा पुढं वाकला आणि म्हणाला, “म्हंजे लिंबाजी लढाईत फुगा धरून हुता म्हणा की.” दोघंचौघं हसले.

मावशीनं टोपलीवर बोट ठेवलं. “दाजी, ह्यो माणूस दिसतो का?”

“दिसतो की.”

“त्याला खाली कुणी आणलं?”

मावशीनं पदरानं काचेवरची धूळ पुसली. मी दचकलो. फोटोवरचं काहीही कोणी पुसायला लागलं की मी अजून दचकतो.

तेव्हापासून मला या फुग्यांचा नाद लागला. पलटणीत गेलेल्यांच्या घरच्या ट्रंका उघडायला लावून मी असे फोटो जमवत गेलो. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे आणि हायपोचा वास फक्त माझ्या या फोटोंच्या पेटीला येतो. चाचांनी धुतलेली काच तीत सगळ्यात वर आहे. चाचा शेवटपर्यंत मला परभणीच्या त्या रिटचरचा पत्ता विचारत राहिले.

मी मात्र धंद्यातली एक गोष्ट शिकलो. डाग पुसायच्या आधी त्याला दोऱ्या बांधल्यात का ते बघावं.