बिनदारूची क्रीम

पिशवीवर लिहिलं होतं, सिटाइल अल्कोहोल. बारामतीच्या गृहउद्योगाच्या वर्गात मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं आणि आम्ही सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागलो. मागून एकीनं विचारलं, "मॅडम, लावल्यावर चढंल का वो?" सगळ्यात जास्त हसलो आम्ही दोघी, एका बाकावरच्या. मी कन्हेरीची, ती कळंबची.

गावात केबल नुकती आली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. मॅडमनी पिशवीतले पांढरे खवले आमच्या तळहातावर ठेवले. मेणबत्ती किसल्यासारखे दिसत होते. दारूचा वास नाही, काही नाही. हे एक तऱ्हेचं मेणच, नुसतं नाव अल्कोहोल, मॅडम म्हणाल्या, आडनाव सारखं असलं म्हणून घर एक होत नाही. क्रीम दाट व्हावी आणि तेल-पाणी पुन्हा वेगळं होऊ नये, एवढ्यासाठी ते घालायचं.

मी शहाणी. घरी पहिल्यांदा केली तेव्हा खवले जेमतेम चिमूटभर घातले. दुसऱ्या दिवशी बघते तर क्रीम फुटलेली, नासक्या दुधासारखी. मग ती कळंबहून एसटीनं यायची आणि आम्ही दोघी स्टोव्हपुढं बसायचो. तेलाचं आणि पाण्याचं पातेलं सारखंच तापवायचं, एकात एक ओतायचं, गार होईपर्यंत हात थांबवायचा नाही. चार वेळा फुटली. पाचव्यांदा मला खवल्यांचं माप सापडलं आणि मी ते तिला तिथल्या तिथं सांगितलं. तिच्यापासून लपवायचं कशाला?

सासूबाईंना हा पसारा मुळीच पसंत नव्हता. त्यांनी मुदत दिली होती, "संक्रांतीपतूर काय ते कर. मग माझं सैपाकघर मोकळं कर." म्हणून कळंबची मागणी तिनं आणली तेव्हा मी तिला मिठीच मारली. तिथल्या एका बागायतदारीणबाईंना हळदीकुंकवाला वाण म्हणून साठ डब्या हव्या होत्या. दरवर्षी वाणात चहाची गाळणी नाहीतर साबणाची डबी. यंदा क्रीम. भाजीच्या ओल्या रानात उभं राहून थंडीत सगळ्यांच्याच टाचा फुटलेल्या असायच्या. साठ घरांत माझी डबी गेली असती तर सासूबाईंना बोलायला जागा उरली नसती.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या तिनंच लिहिल्या, गोल, मोत्यासारख्या अक्षरात. आत आहे ते सगळं लिही म्हटलं, गिऱ्हाइकापासून चोरून ठेवायचं नाही असं मॅडमनी शिकवलंय. तिनं साठही चिठ्ठ्यांवर मराठीत लिहिलं, सिटाइल अल्कोहोल. एकदाही म्हणाली नाही की हे राहू दे.

हळदीकुंकवाच्या दुपारी मी पिशव्या सांभाळत कळंबला उतरले. बागायतदारीणबाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि डब्यांना मात्र हात लावला नाही. खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, ह्यात दारू हाय म्हणं. सवाशिणींच्या हातावर दारू कशी ठिवू मी?"

मी मेणाचं सांगितलं, आडनावाचं सांगितलं, डबी उघडून त्यांच्या नाकापाशी धरली. त्या चिठ्ठीकडंच बघत राहिल्या. तोवर मला ताट दिसलं होतं. वाणाच्या ताटात डब्या आधीच मांडलेल्या होत्या, दुसऱ्याच. आणि ताट धरून ती उभी होती.

मी तिला दाराआड ओढलं. ते काय आहे हे तुला ठाऊक नव्हतं का, एवढंच विचारलं. तिनं पदर सारखा केला.

"मी कुठं खोटं बोलले? तुझ्याच डबीवर लिवलंय की."

मला रागानं रडू फुटलं, आणि रडले म्हणून जास्तच राग आला. खोटं ती खरंच बोलली नव्हती. बाईंना तिनं फक्त वाचून दाखवलं होतं. वर्गात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ज्या शब्दावर हसली होती, तोच शब्द.

सवाशीण दारातून तशीच जाऊ द्यायची नाही म्हणून मलाही हळदीकुंकू झालं. लावलं तिनंच. तिळगूळ दिला, गोड बोल म्हणाली आणि वाणाची डबी माझ्या हातात ठेवली.

परतीच्या एसटीत मी ती उघडली. बोटानं ओढली तर लोण्यासारखी निघाली, कडेला पाण्याचा थेंब नाही. ते माप मी झोपेतही ओळखलं असतं. चिठ्ठीवर गोल अक्षरात होतं, तेल, मेण, पाणी, गुलाब. खाली ठळक, बिनदारूची.

घरी सासूबाईंनी पिशव्या तशाच भरलेल्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी मी पातेली घासून फळीवर पालथी घातली. माझ्या साठ डब्या पेटीत कुलपात गेल्या, त्यांना हात लावायची इच्छाच होईना. तिची डबी मात्र कोनाड्यात राहिली आणि रोज झोपताना बोट आपोआप तिच्यात जायचं. क्रीम उत्तम होती. त्या थंडीत माझ्या टाचा फुटल्या नाहीत.