दोरीचं दुसरं टोक

रेघ ओढायला दोन माणसं लागतात. एकाने खुंटीवर पाय देऊन दोरी ताणून धरायची, दुसऱ्याने दोरीच्या अंगाने फक्कीची गाडी ढकलत न्यायची. ढकलणाऱ्याने घाई करायची नाही, धरणाऱ्याने बोलायचं नाही. आल्टनरोइट गावाच्या फुटबॉल मैदानावर चौदा वर्षं दर सामन्याच्या सकाळी हे काम असंच चाललं होतं. दोरी धरायचा हाइनर, गाडी ढकलायचा दत्तात्रय. रेघ संपली की हाइनर एक डोळा मिटून तिच्यावरून नजर न्यायचा आणि म्हणायचा, "पास्ट." म्हणजे बसली. त्या मुलखात याहून मोठी शाबासकी कोणी कोणाला देत नाही.

२००७ सालच्या नोव्हेंबरातल्या त्या रविवारी दत्तात्रय मैदानावर एकटाच होता.

आठवडाभर पाऊस लागला होता. जुन्या रेघा धुऊन गेल्या होत्या आणि गवताखालची माती लोण्यासारखी मऊ झाली होती. मैदानाच्या कडेला हाइनरचं घर. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट कोपऱ्यातल्या झेंड्यावर उघडायची. दत्तात्रयने त्या खिडकीकडे पाठ राहील अशा बेताने काम सुरू केलं, पण मैदानाला चार बाजू असतात, पाठ किती वेळ ठेवणार?

दत्तात्रय मूळचा कोल्हापूरचा. तिथे पेठापेठांतून फुटबॉल खेळतात आणि हरलेल्या पेठेत त्या दिवशी चूल उशिरा पेटते. तो आपल्या तालमीच्या संघात डाव्या बाजूने पळायचा. इंजिनियर झाला, परदेशात एर्लांगेनच्या कारखान्यात यंत्रं तपासायच्या नोकरीवर आला आणि भाडं परवडतं म्हणून बसने पंचवीस मिनिटांवरच्या या गावात राहिला. पहिल्या हिवाळ्यात कामावरून आला की तो मैदानाच्या कठड्याला टेकून सराव बघत उभा राहायचा. चार मंगळवार कोणी विचारलं नाही. पाचव्या मंगळवारी कोचने, म्हणजे हाइनरने, एक चेंडू मुद्दामच कठड्यावरून त्याच्या अंगावर मारला. दत्तात्रयने ऑफिसच्या बुटांनिशी तो छातीवर झेलला, पायावर घेतला आणि परत दिला. हाइनर जवळ आला. त्याने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. बुटांचा नंबर विचारला.

त्यानंतर सगळं हाइनरने दिलं. आपले जुने खेळाचे बूट दिले, मेव्हणीचं घर भाड्याने मिळवून दिलं, भाषा दिली. गुडघा गेल्यावर दत्तात्रयला फक्कीची गाडी दिली, आणि पाच वर्षांपूर्वी क्लबच्या समितीत सातवी जागा रिकामी झाली तेव्हा हाइनरनेच उठून त्याचं नाव सुचवलं.

हाइनर पेशाने गवंडी. आता सहासष्ट वर्षांचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मंगळवार, गुरुवार आणि रविवार एवढाच त्याचा आठवडा उरला होता. आणि त्याचा संघ सलग सात सामने हरला होता.

मंगळवारी समिती बसली होती. हाइनरला ठेवायचं की काढायचं, हात वर करून मतदान. काढायच्या बाजूने चार हात वर झाले. चौथा हात दत्तात्रयचा होता.

तो हात कसा वर गेला, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आदल्या शनिवारी क्लबचा अध्यक्ष बेर्न्ड त्याच्या घरी आला होता. विम्याचं काम करणारा, गोड बोलणारा माणूस. येताना सफरचंदाचा केक आणला, न सांगता दारात बूट काढले. सुलेखाने, म्हणजे दत्तात्रयच्या बायकोने, चहा केला, पोहे केले. बेर्न्ड पोहे खात म्हणाला, "बाकीचे नुसते ओरडतात. तू खेळलायस. तुझ्याकडे नजर आहे. तुला दिसतंय ना, म्हातारा थकलाय?"

पंधरा वर्षांत गावातला असा कोणी मोठा माणूस त्याच्या घरात आला नव्हता. हाइनर दर रविवारी सामना झाला की आल्याच्या चहाला यायचा, पण तो घरचाच, तो मोजण्यात धरला नव्हता. दत्तात्रयची छाती त्या संध्याकाळी चार बोटं फुगली. आणि हाइनर थकला होता, हेही काही खोटं नव्हतं.

मंगळवारी घरी येऊन त्याने सुलेखाला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"अहो, तुमच्या तालमीत वस्तादांना काढायचे का?"

"तालीम वेगळी."

"वेगळीच असणार," ती म्हणाली. "निदान तुम्ही स्वतः जाऊन सांगा त्यांना. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर बरं दिसणार नाही."

बुधवारी तो जाणार होता, गेला नाही. गुरुवारी नवा कोच टोर्स्टन न्यूर्नबर्गहून गाडी भरून सरावाचे रंगीत खांब घेऊन आला. त्या दिवशीही दत्तात्रय हाइनरच्या दारापर्यंत जाऊन पुढे बेकरीत शिरला आणि नको असलेला पाव घेऊन परतला. मग त्याने मनाशी एक ठरवून टाकलं. रविवारी सामना होऊ दे. आपण हरलो तर सांगू, चुकलो रे, तूच बरा होतास. मोठ्या फरकाने जिंकलो तर ताठ मानेने सांगू, क्लबचं भलं पाहिलं. दोन्हींपैकी काहीही झालं तरी बोलायला तोंड राहील.

आता तो एकट्याने गोलपुढच्या मोठ्या चौकटीची रेघ आखत होता. गोलपासून साडेसोळा मीटर. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या, हाइनरची गवंडीकामाची दोरी बांधली आणि गाडी ढकलायला लागला. डावीकडच्या खुंटीवर पाय द्यायला कोणी नव्हतं. दोरीला गाडीचा धक्का लागला, मऊ मातीतली खुंटी हळूच बाहेरच्या अंगाला सरकली. त्याला कळलं ते रेघ पुरी झाल्यावर. सवयीने त्याने एक डोळा मिटला. डावं टोक चांगलं अर्धा मीटर पुढे गेलं होतं.

ओल्या गवतावरची फक्की पुसली जात नाही. नवी आखायला पोत्यात फक्की उरली नव्हती. पाहुण्या संघाच्या गाड्या फाटकातून आत येत होत्या. दत्तात्रय मनाशी म्हणाला, कोण बघतंय.

अडीच वाजता सामना सुरू झाला. दीडेकशे माणसं होती, नेहमीच्या दुप्पट. नवा कोच बघायला गाव लोटलं होतं. हाइनर फाटकातून आलाच नाही. तो आपल्या बागेच्या कुंपणाआड, डाव्या कोपऱ्याजवळ, कोटाच्या खिशात हात घालून उभा होता. लोकांनी त्याला पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

खेळ वाईट होता. टोर्स्टनने दहा माणसं गोलपुढे उभी करून ठेवली होती. चेंडू आला की लाथाडायचा, परत आला की परत लाथाडायचा.

"ह्याला फुटबॉल म्हणायचं?" निवृत्त पोस्टमन आलोइस म्हणाला. "माझी गाय यापेक्षा पुढे सरकली असती."

"तुझ्याकडे गाय कुठाय?" बेकरीवाला उव्हे म्हणाला.

"नाही ना. असती तर तिथे खेळवली असती."

"हाइनर असता तर आत्तापर्यंत तीन खाल्ले असते."

"पण दोन मारले असते. माणसाला घरी न्यायला काहीतरी मिळायचं."

दत्तात्रय त्यांच्या मागेच उभा होता. प्रत्येक वाक्य त्याच्यासाठीच बोललं जातंय असं त्याला वाटत होतं. चौथा हात कोणाचा, हे त्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

ब्याऐंशिव्या मिनिटाला आल्टनरोइटचा एक पोरगा डावीकडून चेंडू घेऊन घुसला. पाहुण्यांच्या बचावपटूने त्याला पाडलं. शिट्टी वाजली. पंच धावत आला, खाली वाकला. पोरग्याच्या टाचेची खूण रेघेच्या वीतभर आत होती. त्याने पेनल्टी दिली.

"बाहेर होता, बाहेर!" पाहुण्यांचा कोच मैदानात धावला.

पंचाने बोटाने नुसती रेघ दाखवली. रेघेपुढे कोण काय बोलणार?

पेनल्टी आत गेली. सगळं मैदान ओरडलं. दत्तात्रयही ओरडला, दोन्ही हात वर करून, वीस वर्षांपूर्वी तालमीच्या पोरांत ओरडायचा तसा. मग त्याची नजर कुंपणाकडे गेली. हाइनर गोलकडे बघत नव्हता. पोरगा पडला त्या जागेकडे बघत होता, एक डोळा मिटून.

सामना एक-शून्यने संपला. क्लबच्या खोलीत बिअर आणि भाजलेल्या सॉसेजचा वास कोंदला होता.

"तीन गुण ते तीन गुण," उव्हे म्हणाला.

"जा, जा. आणि पुढच्या रविवारी कोणाची टाच आत पडणार?"

"आलोइस, तू जिंकल्यावर पण रडतोस."

"मी जिंकलेलो नाही. मी दीड तास थंडीत उभा होतो."

तेवढ्यात बेर्न्ड बाकावर चढला. ग्लास वर करून त्याने टोर्स्टनचं नाव घेतलं, पोरांचं घेतलं, आणि मग त्याची नजर दारापाशी उभ्या दत्तात्रयवर गेली. "आणि आमच्या दत्ताचं. मंगळवारी याने हात वर केला नसता, तर आज आपण इथे नसतो."

लोकांनी ग्लास उचलले. दोघाचौघांनी दत्तात्रयच्या पाठीवर थापा मारल्या. आलोइसने ग्लास उचलला नाही. त्याने वळून दत्तात्रयकडे पाहिलं, आणि टोपी डोक्यावर घातली.

आलोइसच्या घरची वाट हाइनरच्या दारावरून जात होती. दत्तात्रय त्याच्या आधी बाहेर पडला.

अंधारून येत होतं. हाइनर आता कुंपण ओलांडून मैदानात आला होता. गोलच्या रेषेवर पाठ टेकवल्यासारखा उभा राहून तो पावलं टाकत निघाला होता, गवंड्याची मोजकी मीटर-मीटरची पावलं. डाव्या टोकाला येऊन थांबला.

"सतरा," तो म्हणाला.

दत्तात्रय त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"दोरी कोणी धरली होती?"

"कोणी नाही."

"खुंटी सरकली."

"हो."

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं. फक्की संपली होती."

हाइनरने मान हलवली. तो रागावल्यासारखा दिसला नाही.

"हाइनर, मंगळवारी चौथा हात..."

"ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. बुधवारी माझ्या बाजूचे तिघं येऊन भेटले मला. एकाने तर केक आणला. उरले चार." त्याने बुटाने खुंटीच्या भोकातली माती सारखी केली. "मी थकलोय, दत्ता. मलाही दिसत होतं. मला काढलं म्हणून मी रडत बसणार नव्हतो. तू विचारलं असतंस तर मीच तुला हात वर करायला सांगितलं असतं."

"आज सांगणार होतो."

"आज एक-शून्य झालं म्हणून?"

दत्तात्रयला वाटलं, याला नाही म्हणावं. पण ज्या माणसाने आपल्याला ही भाषा शिकवली त्याच्याशी त्याच भाषेत खोटं बोलायला जीभ वळेना.

"काय होतं ते बघून सांगणार होतो," तो म्हणाला.

"गेनाऊ," हाइनर हळूच म्हणाला. असंच असणार, अशा सुरात.

तो शेडमध्ये गेला. आपली दोरी लाकडी फिरकीवर गुंडाळून घेऊन बाहेर आला. कोटाच्या खिशातून शेडची किल्ली काढून त्याने दत्तात्रयच्या तळहातावर ठेवली. "बाकी सगळं क्लबचं आहे. दोरी माझ्या वडिलांची."

"चहाला येतोस?" दत्तात्रयने विचारलं. तोंडातून निघून गेलं खरं.

"सुलेखाला सांग, थंडी बाधली म्हणून."

फिरकी काखेत धरून तो आपल्या कुंपणाच्या फाटकातून आत गेला. आत दिवा लागला. मागे क्लबच्या खोलीत गाणं सुरू झालं होतं. दत्तात्रयने बुटाच्या टाचेने ती वाकडी रेघ पुसायचा प्रयत्न केला. फक्की पुसली गेली नाही, गवतात आणखी पसरली.

घरी सुलेखाने दार उघडलं. त्याच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, मग त्याच्या मागे जिन्यात पाहिलं.

"एक-शून्य," तो म्हणाला. "जिंकलो."

"भाऊजी नाही आले?"

"थंडी बाधलीय म्हणे."

तिने उकळीला आलेल्या चहाखालचा गॅस बंद केला. किसलेलं आलं तसंच ताटलीत राहिलं.

पुढच्या दोन रविवारी संघ बाहेरगावी खेळला. एकदा हरला, एकदा बरोबरीत सुटला. टोर्स्टनला लोक नावाने ओळखू लागले, आलोइस नावाने शिव्या देऊ लागला. बेर्न्डने क्लबसाठी नायलॉनची नवी दोरी आणली आणि हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या, टोकाला पसरट. त्या हलत नव्हत्या. बेर्न्ड म्हणाला, आता हे काम एकट्याचं झालं, बरं झालं.

तिसऱ्या रविवारी सकाळी मैदानावर दहिवर गोठलं होतं. दत्तात्रयने पोतं फोडलं, गाडी भरली. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. गोलपुढची रेघ त्याने सगळ्यात शेवटी आखली. फितीने तीन ठिकाणी मोजली. साडेसोळा, साडेसोळा, साडेसोळा.

रेघेच्या टोकाशी उभं राहून त्याने एक डोळा मिटला. बसली होती. चौदा वर्षांत एवढी सरळ रेघ त्या मैदानावर आखली गेली नव्हती. तो तसाच थांबला, कोणी काही म्हणेल म्हणून नव्हे, नुसता थांबला.

मग त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीचं शटर खालपर्यंत ओढलेलं होतं. धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे माणूस घरात होता.