पितळी पाटीचा मान

माझे काका ढालींवर नावं कोरतात. एका शाळेच्या ढालीवर त्यांनी 'डिग्नुस' हा लॅटिन शब्द कोरला. अर्थ 'लायक, मान शोभणारा', असं मुख्याध्यापकांनी सांगितलं आणि काकांच्या डोक्यात खूळ शिरलं. उरलेल्या पितळेवर तोच शब्द कोरून ते दर रविवारी घरातल्या लायक वस्तूला ती एकच पाटी अडकवू लागले. न गळणाऱ्या बादलीला मान मिळाला, न कुरकुरणाऱ्या दाराला मिळाला, शेजाऱ्यांच्या ऐदी बोक्यालासुद्धा मिळाला. सख्खा पुतण्या असून माझा नंबर कधी लागला नाही.

काकू बारा वर्षं हे सगळं पाहत होती. परवाच्या रविवारी काकांनी मोठ्या थाटात पाटी तिच्यापुढे धरली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"काळी पडलीये," ती म्हणाली. "आधी हिला माझ्या लायक करून आणा."

आज मंगळवार. काका अजून घासतायत.