सिप्रियनमामांचा सगळ्यात छोटा टोस्ट

पापडी गावात लग्न ठरलं की मंडप, बँड आणि जेवण यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट ठरवावी लागे. टोस्ट सिप्रियनमामांना सांगायचा, की त्यांच्या नकळत दुसऱ्या कोणाला? ख्रिस्ती लग्नात केक कापून झाला की एखादा जाणता माणूस माइक हातात घेतो, नवरा-नवरीबद्दल चार शब्द बोलतो आणि मग सगळे आपापले प्याले उंचावतात. चार शब्द हे आपलं म्हणायला. मामांनी ते मनावर कधीच घेतलं नाही.

मामा एका औषध कंपनीत टायपिस्ट होते. दिवसभर साहेबांची पत्रं टाइप करता करता त्यांना इंग्रजी शब्दांचा नाद लागला. एकाच गोष्टीला या लोकांकडे इतके शब्द कशाला, हा प्रश्न त्यांना जेवतानाही सुटत नसे. मग त्यांनी समानार्थी शब्दांचा एक जाडजूड कोश विकत घेतला आणि पापडीची पंचाईत झाली. प्रत्येक लग्नासाठी ते त्यातून एक शब्द निवडत. आधी त्याचे सगळे अर्थ सांगत, मग त्याचं गणगोत. ‘जॉय’ हा घरातला मोठा, ‘ग्लॅडनेस’ त्याचा चुलत भाऊ, ‘डिलाइट’ ही मावसबहीण, आणि ‘प्लेझर’ नात्यातलाच, पण जरा वाया गेलेला. लोक हसत. पण टोस्ट संपेपर्यंत प्याला खाली ठेवायचा नाही आणि ओठालाही लावायचा नाही, ही रीत. मावसबहिणीपर्यंत येईतो पाहुण्यांचे हात भरून येत.

गावातल्या रॉबर्टच्या लग्नात त्यांनी ‘होम’ घेतला. तिथून ‘हाउस’, ‘ड्वेलिंग’, ‘रेसिडेन्स’, ‘अबोड’ असं त्यांनी वऱ्हाडाला घरोघर फिरवलं. शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, “मामा, एका तरी घरात जेवायला बसवा!” सगळा मंडप हसला. मामाही हसले आणि पुढच्या घरात शिरले.

या गुऱ्हाळावर त्यांची बायको लुसी कधी बोलत नसे. खरं कारण तिला ठाऊक होतं. लुसी पाचूबंदरची, मासेमारांच्या घरातली, आणि मामा बागायतवाल्यांचे. त्या काळी हे लग्न दोन्ही घरांना पसंत नव्हतं. चर्चमध्ये लग्न लागलं, माणसं तोंडं पाडून आली, जेवली आणि गेली. टोस्टला कोणी उभंच राहिलं नाही. नवा सूट घातलेले मामा हातात प्याला धरून ताटकळले आणि शेवटी त्यांनी तो तसाच खाली ठेवला. त्यानंतर कोणत्याही नवरा-नवरीवर ती पाळी येऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. मग एखाद्याला दोन घटका जास्त उभं राहावं लागलं तर लागलं!

तर अशा या मामांच्या नातीचं, स्टेफीचं, लग्न ठरलं. साखरपुड्यापासूनच मामांनी शब्द धरून ठेवला होता: ‘कीप’. साधा दिसतो, पण पोटात किती अर्थ! कोंबड्या पाळल्या तरी कीप आणि वचन पाळलं तरी कीप. घर राखलं, उपास पाळला, लोणचं वर्षभर टिकलं, सगळीकडे हाच. शिवाय ‘होल्ड’, ‘गार्ड’, ‘प्रिझर्व्ह’ हे भाऊबंद वेगळे. मामा ते लुसीला ऐकवायला जात आणि लुसी म्हणे, “आदी सुकट उनात घालू दे, मग सांग.”

इकडे स्टेफीच्या आईने, म्हणजे मामांच्या मुलीने, कॅरलने, माणिकपूरचा एक बोलका मुलगा कार्यक्रमासाठी ठरवून टाकला होता. नाच, खेळ, टोस्ट, सगळं तोच सांभाळणार होता. हॉल ठरलेल्या वेळेत रिकामा करायचा होता, आणि बाप एकदा शब्दांच्या गणगोतात शिरला की काय होतं ते कॅरलने लहानपणापासून पाहिलं होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? ते काम लुसीवर आलं.

लुसीने आडपडदा ठेवला नाही. दुपारी चहाचा कप पुढे ठेवताना ती म्हणाली, “हॉलमंदी तू बोलायचं नाय. मानिकपूरचा पोरगा ठेवलाय.”

“स्टेफीला माहीत आहे?”

“मायीत हाय.”

मामांनी कोश मिटला. कॅरलचं त्यांना फारसं वाटलं नाही, ती त्यांना ओळखून होती. स्टेफी गप्प बसली, हे मात्र त्यांना फार लागलं. चहा तसाच निवून गेला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून पाणी आणायची रीत. पुढे बँड, मागे डोक्यावर कळशा घेतलेल्या बायका, त्यांच्यामागे नाचणारी मंडळी. भरलेली कळशी घर येईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. पहिला मान आजीचा. “आई, तुझे गुडघे दुखतात, तू नको,” असं कॅरल सांगत होती. लुसीने ऐकून घेतलं आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

मामा विहिरीजवळच्या चिकूच्या झाडाखाली एकटेच उभे होते. एरवी अशा वेळी बँडवाल्यांना ‘म्युझिक’चे नातेवाईक सांगणारा माणूस, आणि आज तोंडातून चकार शब्द नाही. स्टेफीला ते बघवेना. कळशा भरून झाल्या, बायका निघाल्या, तेवढ्यात तिने हात वर करून बँड थांबवला.

“आजोबा, आईने हॉलचं ठरवलं आणि मी गप्प बसले. माझं चुकलं. माझा टोस्ट तुम्हीच बोलायचा. इथे बोला, आत्ता.”

बायकांमध्ये कुजबुज झाली. सगळ्यांच्या डोक्यावर भरलेल्या कळशा. “मामा, आवरतं घ्या हां,” संजना नावाची शेजारीण म्हणाली, “मान मोडंल आमची!”

मामांचा चेहरा उजळला. त्यांनी खाकरून घसा साफ केला. “आजचा शब्द आहे कीप,” ते म्हणाले. “याचा पहिला अर्थ असा...”

आणि त्यांची नजर लुसीकडे गेली. कळशीतलं पाणी डुचमळून तिच्या कानामागून खांद्यावर ओघळत होतं. मान किंचित थरथरत होती. ती कळशी खाली ठेवणार नव्हती, आणि आटप म्हणूनही सांगणार नव्हती. मामांचं बोलणं तिथेच थांबलं. इतके महिने गोळा केलेलं सगळं गणगोत त्यांना त्या क्षणी नकोसं झालं.

ते झाडाखालून निघाले, लुसीच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी तिची कळशी धरली. बायका खिदळल्या. पाण्याच्या कळशीला पुरुषाने हात लावलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“स्टेफी,” मामा म्हणाले, “कीप म्हणजे हे.”

सगळे दुसऱ्या अर्थाची वाट बघत राहिले. मामांचा टोस्ट संपलाय यावर कोणाचा विश्वास बसेना. सगळ्यात आधी ते स्टेफीला कळलं. तिने ओढणीने डोळे पुसले आणि बँडवाल्यांना हात केला.

बँड वाजू लागला, माणसं हलली. एवढ्या लोकांसमोर आपण काय करून बसलो, असं वाटून मामा लाजले आणि हळूच हात मागे घेऊ लागले.

लुसीने मान वळवली नाही. ती समोर बघतच म्हणाली, “हात कुठं काढतोस? घर येऊ दे.”