भिंतीवरची छडी

नाओमिन्से हुबी बाईंचा डावा कान गेला तो आठव्या वर्षी. वर्गात तहान लागली म्हणून त्यांनी आईच्या भाषेत पाणी मागितलं, आणि जावाहून आलेल्या गुरुजींनी "माणसाच्या भाषेत माग, माकडे!" म्हणत अशी कानशिलात हाणली की कानातून रक्तच आलं. पाणी मिळालं नाही ते नाहीच.

त्याच बाई आता त्रेपन्नाव्या वर्षी इंडोनेशियाच्या पूर्व टोकाच्या डोंगरदरीत, वामेना गावच्या छोट्या विद्यालयात, दरीतल्या पोरांना इंडोनेशियन शिकवणारे शिक्षक तयार करत होत्या. निम्मे विद्यार्थी जावा-सुलावेसी बेटांवरून येऊन राहिलेल्या घरांतले, निम्मे दरीतले. पहिल्या दिवशी बाई भिंतीवरची लाल दोऱ्याच्या मुठीची वेताची छडी काढून टेबलावर ठेवायच्या. मग ज्यानं-त्यानं उठून सांगायचं, आपण कुणाला काय म्हणालो आणि आपल्याला कोण काय म्हणालं. "पोराचा कान फोडून त्यात व्याकरण ओतता येत नाही," असं त्या बजावायच्या. छडी त्या जावाच्या गुरुजींची, असंच सगळे धरून चालत. बाई तसं कधी म्हणाल्या नव्हत्या. नाही असंही म्हणाल्या नव्हत्या.

छडी बाईंची स्वतःची होती. बाविसाव्या वर्षी नवी नोकरी लागली तेव्हा त्या परक्या गुरुजींनाही लाजवतील अशा मारत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा! मेलियानुस इत्लाय नावाचं नऊ वर्षांचं पोर एकदा उशिरा आलं आणि दारातूनच आपल्या भाषेत काहीतरी सांगू लागलं. बाईंनी त्याला माकड म्हटलं, हात पुढे करायला लावला आणि छडी मोडेस्तोवर हाणायला निघाल्या, पण छडी मोडली नाही, त्याची दोन बोटं मोडली.

दरीत अशा गुन्ह्याला डुक्कर द्यावं लागतं. तापल्या दगडांच्या खड्ड्यात ते शिजतं, आणि गुन्हेगारानं चारचौघांत आपल्या तोंडानं गुन्हा सांगितल्यावरच कुणी घास उचलतो. बाईंनी डुक्कर शिपायाबरोबर धाडलं. शिकल्यासवरल्या बाईनं खड्ड्याकाठी बसून माफी काय मागायची! इत्लायांनी ते मांस तसंच पुरलं. महिन्याभरात बाईंनी बदली मागून घेतली.

आणि एकतीस वर्षांनी एका गुरुवारी विद्यालयाला जोडलेल्या शाळेत सराव-पाठ चालू होता. प्रसोजो नावाचा जावाकडचा विद्यार्थी शिकवत होता. पोरगा गुणी, पोरांना गाणी शिकवायचा. सात वर्षांच्या तेरसिनानं त्याला तिसऱ्यांदा घरच्या भाषेत उत्तर दिलं, वर्ग खिदळला, आणि त्याचं डोकं फिरलं. "माकड ते माकडच!" म्हणत त्यानं लाकडी पट्टी हाणली. तिची कड पोरीच्या कपाळात घुसली. बाई मागच्या बाकावरून धावेपर्यंत वही रक्तानं भिजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेरसिनाचा बाप बारा जणांना घेऊन आला. भाले, कुऱ्हाडी. आधी खिडक्यांच्या काचा गेल्या, मग आडव्या आलेल्या शिपायाचं डोकं फुटलं. प्रसोजोला टेबलाखालून केस धरून ओढला आणि मैदानात पायऱ्यांपाशी लाथांनी तुडवला. त्याचे दोन दात गवतात पडले. बापानं त्याच्या मानेवर पाय रोवला आणि कुऱ्हाड उचलली. त्या हाताची दोन बोटं वाकडी होती.

बाई मध्ये पडल्या. "मेलियानुस, पोरगा आहे रे! चुकला. डुक्कर देते. दोन देते!"

मेलियानुस सुपारीची लाल पिंक टाकून म्हणाला, "डुक्कर धाडायची सवय आहेच की तुम्हाला! बरोबर यायचे तेवढे पाय दुखतात." मग भावाकडे वळून ओरडला, "भिंतीवरची ती छडी आण रे! पोरीचं नाव शाळेत घालायला आलो तेव्हाच ओळखली मी."

छडी आली. त्यानं ती बाईंच्या हातात कोंबली. "तुम्हीच शिकवलंय ना याला? मग हाणा. मला हाणली तशी. दोन बोटं मोडा, आम्ही चाललो."

व्हरांड्यात तीस विद्यार्थी उभे होते. 'मला' हा शब्द त्या सगळ्यांनी ऐकला.

"मारा, बाई!" प्रसोजोनंच रक्ताळल्या तोंडानं हात पुढे केला. "मान जाण्यापेक्षा बोटं गेली तरी चालतील. मारा!"

बाईंनी छडी उगारली. मूठ हातात अशी बसली जणू काल खाली ठेवली होती, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. छडी टाकून त्या व्हरांड्याकडे वळल्या.

"ही छडी माझी आहे," त्या म्हणाल्या. "हा नऊ वर्षांचा होता. 'माझी आजी रात्री गेली,' असं सांगत होता. मला समजलं होतं, भाषा माझ्याच आईची. तरी मी मारलं. माकड म्हणाले." मग खाली बसून त्यांनी उजवा पंजा दगडी पायरीवर टेकला. "हा हात मोड. त्याला सोड."

मेलियानुसनं कुऱ्हाड उलटी धरली आणि हाणली. दोन बोटं. बाई किंचाळल्या, मैदानात लोळल्या. शूरपणा काही उरला नाही. मेलियानुसनं कुऱ्हाड खाली टाकली. मग प्रसोजोच्या मानेवरचा पाय काढून म्हणाला, "आता डुक्कर आणा. या वेळी तुम्ही या. यालाही घेऊन या."

शनिवारी खड्ड्याकाठी बाईंनी आधी आपला गुन्हा पुन्हा सांगितला. मग प्रसोजो उभा राहिला. त्याला गुन्हा दरीच्या भाषेत सांगायचा होता. सुजल्या ओठांतून ते शब्द निघेनात. बायका हसल्या. कपाळाला पट्टी बांधलेली तेरसिना त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती.

"चुकलं," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा, गुरुजी."

तो पुन्हा म्हणाला. तिनं मान हलवली. तिसऱ्यांदाही चुकलं. तिनं हात उचलला तसा प्रसोजोनं अंग चोरलं. तिनं नुसतं त्याच्या ओठांकडे बोट दाखवलं आणि तो शब्द सावकाश म्हणून दाखवला. चौथ्यांदा जमलं.

मग मेलियानुसनं वाकड्या बोटांनी पहिला घास उचलला.