काकीच्या हातातलं माझं नाव

संतोषचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेत मधली सुट्टी होती. माझा हा चुलतभाऊ एरवी फोन लागताच बोलायला सुरुवात करतो. त्या दिवशी त्याने आधी एक बोट नाकपुडीला लावलं. आमच्या घरात ही त्याच्या आईची, म्हणजे माझ्या सुमित्राकाकीची खूण, तिच्या नाकातल्या चमकीवरून पडलेली. नंतर त्याने उघडा तळहात हळूच पालथा केला. डब्यातलं पीठ संपलं की काकी असाच हात पालथा करायची... मला कळलं. काकी गेली होती.

काकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती रिठदची, लग्न होऊन केनवडला आमच्या घरी आली. आई वावरात जायची, त्यामुळे मी वाढले काकीच्या कडेवर. आई सांगते, तोंडाने पाणी मागायच्या आधी मी अंगठा ओठाला लावून मागायला शिकले होते. काकीने सगळ्यांना आपली नावं दिली होती. माझ्या पुढच्या दातांत फट, म्हणून दोन दातांमध्ये नख टेकवलं की ते माझं नाव. किराणा दुकानदाराचं नाव म्हणजे तराजूचं एक पारडं बोटाने खाली दाबणं. त्याला ते ठाऊक होतं. मी सामान आणायला गेले की म्हणायचा, "तुह्या काकीले सांग, आता काटा इलेक्ट्रॉनिक आला. माहं नाव बदल मना." मी निरोप दिला की काकी हसायची आणि पुन्हा पारडं दाबून दाखवायची.

माझ्या बाबांचं नाव मात्र पदराचं होतं. ते तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर बोलायचं नाही. ते आले की काकी पदर पुढे ओढून पाठमोरी व्हायची, म्हणून पदर ओढणं म्हणजे बाबा. बाबाही मान खाली घालून पुढे जायचे. बोलणाऱ्या सुनेचा आवाज निदान भिंतीआडून तरी कानावर येतो. काकीचं बोलणं कळायला तिच्याकडे पाहावंच लागे. त्यामुळे एका छताखाली राहूनही त्या दोघांमध्ये कधी एक शब्द झाला नव्हता.

जमीन सारवणाची होती तोवर कोणी पाय आपटला की काकीला तळव्यातून कळायचं. घरात फरशी बसली आणि ते बंद झालं. दोनतीनदा ती मागून आलेल्या माणसाला पाहून दचकली, तेव्हा काकांनी स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण दाराबाहेर बसवून घेतलं. आलेल्याने ते दाबायचं, आत दिवा लुकलुकला की काकी बाहेर यायची. प्रत्येकाची दाबायची रीत वेगळी. मी घाईघाईने दाबायची, आणि काकी मागे न वळताच दातांवर नख टेकवायची.

बारावीनंतर मी अमरावतीला शिकायला गेले. घरातून इतकं लांब शिकायला जाणारी मी पहिलीच. घरी फोन केला की सगळे आळीपाळीने बोलायचे. काकी शेवटी फोन हातात घ्यायची, मोठा आवाज लावून गालाला धरायची. मी काहीतरी गुणगुणायची, ती थरथर तिच्या गालाला लागायची. ते काही बोलणं नव्हतं... पण ती फोन लवकर सोडायची नाही.

मग संतोषने मोठ्या स्क्रीनचा मोबाईल घेतला आणि आमचं बोलणं परत सुरू झालं. माझ्या फोटोवर बोट ठेवलं की फोन लागतो, एवढं तिला पुरलं. एकदा दुपारी तिचा असाच कॉल आला. ती स्वयंपाकघरात, एकटी, चेहरा घाबरलेला. तिने पदर ओढला, मग हात कपाळाला लावला, मग ये, ये असं खुणावलं. पदर म्हणजे बाबा, कपाळावर हात म्हणजे ताप. मी आईला फोन लावला, वावरात रेंज नव्हती. मिळाली ती एसटी धरली.

घरी पोचले तर बाबा अंगणात बाजेवर चहा पीत बसलेले.

"काहून आली वं मधातच?"

"तुमाले ताप हाय मनून..."

"मले? कोनं सांगतलं?"

मी दाराकडे पाहिलं. तिथे काकी उभी होती. तिने आता दोन्ही हात कपाळाशी नेले आणि मुंडावळ्या बांधल्यासारखं केलं. दुपारी तिच्या एका हातात फोन होता, म्हणून मला अर्धंच लग्न दिसलं होतं. काका हसत म्हणाले, "एका हातानं लगन सांगतलं तं पोरीले तापच दिसन ना." आईही तोंडाला पदर लावून हसायला लागली.

बाबा हसले नाहीत. "बरं झालं आली. उद्या पाहुने येऊन राह्यले तुले पाह्याले."

"बाबा, मले शिकाचं हाय अजून."

"शिकजो ना तिकडं गेल्यावर."

तेवढ्यात काकी ओट्यावरून उतरली आणि बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंड त्यांच्याकडे. तिने छातीवर हात ठेवला. मुंडावळ्या बांधल्या. मग हात पुढे करून जमलेल्या सगळ्यांवरून फिरवला, ओठांशी नेला आणि नकाराची मान हलवली... शेवटी नख दोन दातांत टेकवून तिने माझ्याकडे पाहिलं.

बाबांनी मान वर केली होती. ते तिच्याकडे पाहत होते.

मी समजावायला गेले, "बाबा, काकी मनते..."

"राहू दे," बाबा म्हणाले. "समजलं मले. तिले कोनी इचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहुण्यांना फोन करून सांगितलं, "पोरगी शिकून राह्यली अजून."

त्यानंतर काकी बाबांना पाठमोरी झाली नाही. चहा हवा का, हे ती त्यांना सरळ विचारायची, तेही मान हलवून उत्तर द्यायचे. पदराची खूण मात्र तशीच राहिली. नावं काही बदलत नाहीत.

आज मी शाळेत संवादाचा पाठ शिकवते. शाब्दिक, अशाब्दिक, लेखी असे प्रकार पुस्तकात दिले आहेत, आणि ते बरोबरच आहेत. मुलांना मी एवढंच जास्तीचं सांगते की यांतला कोणताही प्रकार समोरच्याने मान वर केल्याशिवाय पुरा होत नाही. माझं शिक्षण बाबांनी मान वर केली तिथून पुढे गेलं. काकीने ते माझ्यासाठी मागितलं, आणि पुढची सगळी वर्षं माझ्या प्रत्येक निकालाचं कौतुक गावभर हातांनी केलं. ती समाधानाने जगली. माझ्याकडेही तिच्याविषयी दुःखापेक्षा आनंदच जास्त उरला आहे.

तेरवीला घरी गेले तेव्हा दाराशी माझा हात सवयीने बटणावर गेला. दाबलं, आणि मग लक्षात आलं... आत स्वयंपाकघरात काका एकटेच बसले होते. त्यांना चांगलं ऐकू येतं. मी नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं. दिवा घाईघाईने लुकलुकला. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी फक्त हात वर नेला आणि आपल्या दोन दातांमध्ये नख टेकवलं.