गव्हाणीवरचं ऑफिस

कामावर असताना माझी कंबर धरली असं सांगितलं की लोकांना वाटतं, काहीतरी जड उचललं असेल. मी फक्त माऊस उचलला होता.

सुदुंबऱ्याच्या आमच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. गोठ्यात मात्र भरभरून येते. आई गेल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, घरात एकटे पडले. म्हणून मी घरून काम करायची परवानगी मिळवली, पुण्यातली खोली सोडली आणि गोठ्यात ऑफिस थाटलं. गोठा रिकामाच होता. गुडघ्यांनी दगा दिल्यावर आबांनी शर्यतीचे बैल खेडकडच्या एका गाडामालकाला देऊन टाकले होते. तेव्हापासून ते ओट्यावर बसायचे ते गोठ्याकडे पाठ करूनच.

टेबल आणायचा मला कंटाळा. भिंतीलगतच्या सिमेंटच्या गव्हाणीवर एक फळी टाकली, फळीवर लॅपटॉप ठेवला, पुढ्यात प्लास्टिकची खुर्ची. गव्हाण बैलाच्या तोंडाच्या मापानं बांधलेली असते, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. पण मी इंजिनिअर झालो होतो.

तीन महिने रोज नऊ तास मान खाली घालून काम केलं. मग एका सकाळी मीटिंगमध्ये साधी शिंक आली आणि मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो. कॅमेऱ्यात सगळ्यांना फक्त माझं टक्कल दिसत होतं. साहेबांनी विचारपूस केली आणि लगेच सुनावलं, "घरी धड बसता येत नसेल तर ऑफिसला या. दोन आठवडे बघू." म्हणजे आबा पुन्हा एकटे. कमरेपेक्षा मला ते जास्त लागलं.

आबांना बरोबर घेऊन तळेगावला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी बसायच्या जागेचा फोटो मागितला, निरखून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "तुम्ही इथे काम करता की वैरण खाता?"

मोडलंबिडलं काही नव्हतं, स्नायू आखडले होते. त्यांनी नीट समजावलं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर हवी, कोपर टेबलाच्या उंचीला, पाय पूर्ण टेकलेले, कमरेमागे आधार. "आणि हे सगळं केलं तरी दर अर्ध्या तासानं उठायचं. चांगल्या खुर्चीतसुद्धा माणूस दिवसभर बसला की आखडतोच."

माझ्या आधी आबांना पटलं. रिक्षात बसल्या बसल्या सुरू झाले. "आरं, बैलाला बी दिसभर जुपून ठेवत न्हाई कुनी. मधी सोडतो, पानी पाजतो, फिरवतो. तुला कोन सोडतंय का न्हाई?"

"आबा, जुंपणारा मीच, बैल पण मीच."

"मंग अवघडच हाय," आबा म्हणाले.

घरी येऊन गोठा सुधारला. शेजारच्यांचं जुनं लोखंडी टेबल आणलं, लॅपटॉप दोन सिमेंट ब्लॉकवर चढवला, कीबोर्ड वेगळा घेतला. कमरेमागे गोणपाटाची गुंडाळी. टेबल उंच पडलं म्हणून खुर्चीखाली विटा लावल्या, तर पाय लोंबायला लागले, म्हणून कोपऱ्यातलं जुनं जू ओढून पायाखाली घेतलं. आबांनी ते पाहिलं आणि माझ्या पायाखालून काढूनच घेतलं. "त्याला पाय लावतो व्हय रं?" जू पुसून त्यांनी खुंटीला टांगलं आणि मला स्वयंपाकघरातला पाट आणून दिला.

राहिलं उठायचं. मोबाइलला गजर लावला होता, पण तो वाजला की माझं बोट आपोआप त्याची मुंडी पिरगळायचं. चौथ्या दिवशी आबांच्या हे लक्षात आलं. मग गजराचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

दर अर्ध्या तासाला काठीचा टकटक आवाज येई. खांबावर काठी आपटून आबा म्हणत, "उठ."

"पाचच मिनिटं, आबा."

"बैलानं कदी पाच मिन्टं मागितली न्हाईत."

मग विहिरीपर्यंत जाऊन यायचं. परत आलो की आबा तांब्या घेऊन उभे. मी पाणी पिऊ लागलो की ते बारीक शीळ घालायचे, बैल पाण्यावर गेल्यावर घालत तशी. मीटिंगमध्ये सगळ्या कंपनीनं "उठ रं!" ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमच्या टीममधली एक मुलगी मात्र आबांच्या आवाजावर तिकडे तिच्या घरी उठायला लागली.

कंबर सुटली. दोन आठवड्यांनी साहेब म्हणाले, "राहा घरीच." मी जिंकलो होतो आणि आबांची टकटक आता मला निव्वळ कटकट वाटायला लागली होती.

मग एक दिवस कोणी आलंच नाही. सकाळी बसलो तो एकदम जेवणाच्या वेळेलाच भानावर आलो. किती काम उरकलं म्हणून खूष होऊन उठलो, तर कमरेतून कळ आली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तसाच घराकडे धावलो.

आबा ओट्यावर आडवे होते. दोन्ही गुडघे टम्म सुजलेले. सकाळपासून जागचे हलले नव्हते.

"हाक मारायची ना!"

"तुजं काम चाललं हुतं."

ओट्यापासून गोठ्यापर्यंत साठ पावलं आहेत. मी नंतर मोजली. दिवसाला सोळा फेऱ्या, जाऊन-येऊन. ज्या गुडघ्यांमुळे बैल द्यावे लागले, त्याच गुडघ्यांवर. आणि मी तोंड वाकडं करून पाच मिनिटं मागत होतो. मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

डॉक्टर म्हणाले, आराम करा, पण एका जागी पडून राहू नका, थोड्या थोड्या वेळानं चार पावलं टाका.

आता अर्धा तास झाला की मी आपला आपण उठतो. गजर नाही, काठी नाही. साठ पावलं चालत ओट्यावर येतो.

"आबा, उठा. चार पावलं चालू."

"पाचच मिन्टं," ते डोळे न उघडता म्हणतात.

उठवून त्यांना अंगणातून फिरवून आणतो आणि तांब्या त्यांच्या हातात देतो. ते पिऊ लागले की शीळ घालतो. मला ती नीट येत नाही, नुसतीच हवा जाते. तरी आबा तांब्या रिकामा करतात.